सागवानी तारूं

भंडारा जिल्ह्याला समुद्र नाहीं. पश्चिमेचा म्हणा कीं पूर्वेचा म्हणा, कोणताही किनारा तेथून शेंकडों मैल दूर आहे. वैनगंगेचें पाणी शेवटीं समुद्रालाच मिळतें खरें. परंतु तेथवर पोंचण्यापूर्वीं तिला वर्धेशीं एकजीव होऊन प्राणहिता व्हावें लागतें, आणि पुढें प्राणहितेलाही गोदावरींत आपलें नांव सोडावें लागतें. तेव्हां भंडाऱ्याकडील माणसाच्या डोळ्यांपुढें ‘नाव’ या शब्दाबरोबर उभा राहतो तो ढिवराचा डोंगा. एकाच झाडाचा बुंधा आंतून कोरून केलेला, दोन माणसें बसलीं कीं काठ पाण्याला टेंकूं पाहणारा, तलावांतले मासे आणि शिंगाडे कांठावर आणणारा. त्याला शीड नाहीं, डोलकाठी नाहीं. आणि त्याचें आयुष्य संपलें म्हणजे तो तलावाच्या पाळीखालीं उपडा पडून हळूहळू मातीस मिळतो.

समुद्रानेंच या बाजूला यावें असा एक उद्योग मात्र एकदां झाला होता. गोदावरीला बंधारा घालणारे सर आर्थर कॉटन यांच्या कल्पनेनें १८६० नंतर कांहीं वर्षें अशी खटपट चालली, कीं नागपूर-वऱ्हाडचा कापूस नावांत भरून प्राणहितेच्या व गोदावरीच्या वाटेनें थेट पूर्वसमुद्रावर न्यावा. वाटेंत खडकांच्या तीन मोठ्या आडकाठ्या होत्या. त्यांना वळसा घालणारे कालवे खोदण्यांत पुष्कळ पैसा आणि मजुरांचे पुष्कळ प्राण गेले. इकडे १८६७ सालीं मुंबईची आगगाडी नागपुरास येऊन पोंचली, आणि १८७१ सालीं नदीचें काम सरकारनें सोडून दिलें. जहाजांचा आणि या प्रदेशाचा संबंध तेथेंच संपला असें वाटतें.

परंतु एक जहाज असें आहे, कीं तें नागपूरकर भोंसल्यांच्या, आणि म्हणून भंडाऱ्याच्याही, इतिहासाच्या अगदीं शेजारून निघून गेलें. तें आज इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, हार्टलपूल नांवाच्या बंदरांत, एका जुन्या गोदींत पाण्यावर उभें आहे. त्याचें नांव ‘त्रिंकोमाली’. तीन डोलकाठ्यांचें हें लढाऊ जहाज संग्रहालय म्हणून राखलें आहे, आणि लोक तिकीट काढून तें पाहावयास जातात. अजून पाण्यावर असलेल्या ब्रिटिश लढाऊ जहाजांत याच्याहून जुनें दुसरें नाहीं. नेल्सनचें ‘व्हिक्टरी’ वयानें वडील खरें, पण तें १९२२ पासून कोरड्या गोदींत टेंकूंवर बसलेलें आहे. साऱ्या जगाचा हिशेब केला तर याच्या पुढें एकच नांव घ्यावें लागतें, तें अमेरिकेंतील बोस्टन येथील ‘कॉन्स्टिट्यूशन’चें. आणि ब्रिटनचें हें भूषण ब्रिटनमध्यें जन्मलेलें नाहीं. त्याचा जन्म मुंबईचा, लांकूड आपल्याकडील सागाचें, आणि बांधणारा हात पारशी मिस्त्र्याचा.

मुंबईच्या गोदीची कथा सुरतेपासून सुरू होते. १७३६ सालीं लवजी नसरवानजी नांवाचा एक तरुण सुतार कांहीं सोबत्यांसह सुरतेहून मुंबईस आला. ईस्ट इंडिया कंपनीला आपलीं जहाजें बांधण्यास व दुरुस्त करण्यास खात्रीचा कारागीर हवा होता. वाडिया याचा अर्थच गुजराथींत जहाज बांधणारा. लवजीचा धंदा पुढें त्याच्या वंशाचें आडनांव होऊन बसला. १७५० सालीं मुंबईंत कोरडी गोदी तयार झाली, आणि त्या काळीं साऱ्या आशियांत तशी दुसरी नव्हती. मुंबईच्या भरती-ओहोटींतील अंतर मोठें असल्यामुळें अशा गोदीला तें ठिकाण फार सोयीचें पडलें: भरतीला दार उघडून जहाज आंत घ्यावें, ओहोटीला पाणी काढून टाकावें, काम संपलें कीं पुन्हां भरतीची वाट पाहावी. पुढें १८१० च्या सुमारास डंकन गोदी झाली आणि मोठमोठ्या लढाऊ जहाजांची सोय लागली.

या घराण्याच्या तिसऱ्या पिढींतला जमशेटजी बमनजी हा ‘त्रिंकोमाली’चा कर्ता. याच्याच हातून १८१० सालीं ‘मिंडेन’ हें मोठें लढाऊ जहाज पाण्यांत उतरलें. त्याच्या ‘कॉर्नवॉलिस’ जहाजावर १८४२ सालीं चीनला नानकिंगच्या तहावर सही करावी लागली. त्याच्या वंशजांनीं बांधलेलें ‘एशिया’ १८२७ सालीं नव्हारिनोच्या लढाईंत इंग्रज सेनापतीचें निशाण मिरवीत होतें. जमशेटजीविषयीं एक आख्यायिका सांगतात. आपल्या एका जहाजाच्या आंतल्या लांकडावर, सहसा कोणाच्या दृष्टीस पडणार नाहीं अशा जागीं, त्यानें इंग्रजी अक्षरें कोरलीं. हें जहाज एका काळ्या माणसानें बांधलें, एवढाच त्यांतला आशय. पण त्या ‘काळ्या’मागें गोऱ्यांच्या तोंडची शिवीही त्यानें तशीच लावून दिली होती. पुढें जहाज दुरुस्तीला आलें तेव्हां तें उघडकीस आलें म्हणतात. गोष्ट अक्षरशः खरी असो वा नसो, ती गोदींत रुजली आणि टिकली, यांतच तिची खरी साक्ष आहे.

इंग्रजांनीं आपलीं लढाऊ जहाजें हजारों मैलांवरच्या परक्या कारागिरांकडून बांधून घ्यावीं, हें सहजासहजीं घडलेलें नाहीं. नेपोलियनशीं चाललेल्या युद्धानें इंग्लंडचीं ओकचीं रानें विरळ केलीं होतीं. एका मोठ्या लढाऊ जहाजाला दोन दोन हजार ओक लागत असत असा अंदाज सांगतात. आणि ओक तर शंभर वर्षांखेरीज कामास येत नाहीं. शिवाय ओकमध्यें एक खोड आहे. त्याच्या अंगांत आम्ल असतें, तें लोखंडी खिळ्यांना खातें; खिळा गंजला कीं भोंवतालचें लांकूड कुजतें. साग याच्या अगदीं उलट. सागाच्या अंगांत तेल असतें, तें लोखंडाला सांभाळतें, वाळवीला दूर ठेवतें आणि पाण्यांतल्या किड्यालाही पुष्कळ अंशीं दाद देत नाहीं. उष्ण समुद्रांत ओकचें जहाज लवकर म्हातारें होई. सागाचें जहाज मात्र नातवाच्या हयातींतही चालत असे. इंग्लंडांतले कांहीं गोदीवाले मुंबईच्या या बांधणीविरुद्ध कुरकुर करीत होते, आणि ती कुरकुर त्यांच्या पोटाच्या दृष्टीनें समजण्यासारखी आहे. पण सागापुढें त्यांचा युक्तिवाद लंगडा पडे.

मुंबईच्या गोदीला साग पुरवी तो मुख्यतः मलबारचा किनारा. भंडाऱ्याच्या नागझिरा-कोका भागांतल्या रानांतही साग आहे, चांद्याकडील तर नामांकितच. तथापि ‘त्रिंकोमाली’च्या अंगांत विदर्भाचें लांकूड आहे असें म्हणण्यास आधार नाहीं, आणि अभिमानापायीं तसें म्हणूंही नये. झाड एकच, जात एकच, एवढा संबंध पुरे आहे.

जहाजाची आज्ञा इंग्लंडच्या आरमारखात्यानें दिली ती १८१२ च्या ऑक्टोबरांत. त्या काळीं नुसती आज्ञा देऊन भागत नसे. जहाजाचे नकाशे इंग्लंडहून पाठवावे लागत, आणि ते जहाजानेंच जात. हे नकाशे ‘जावा’ नांवाच्या इंग्रज लढाऊ जहाजावर चढविण्यांत आले. ‘जावा’ हिंदुस्थानच्या वाटेवर असतां ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ, १८१२ च्या २९ डिसेंबरला, अमेरिकन ‘कॉन्स्टिट्यूशन’शीं तिची गांठ पडली. कांहीं तासांत ‘जावा’ निकामी झाली. विजेत्यांनीं तिला आग लावून टाकली, आणि मुंबईच्या जहाजाचे नकाशे तिच्याबरोबर गेले. दुसरी प्रत यावयास बराच काळ लागला. म्हणजे आज जगांत पाण्यावर असलेल्या दोन सर्वांत जुन्या लढाऊ जहाजांपैकीं वडील जहाजानें धाकट्याचा जन्मच कांहीं वर्षें लांबविला! इतिहास अशी थट्टा क्वचित् करतो.

१८१६ सालीं मुंबईंत कणा बसविला गेला. वाडियांच्या गोदींत या वेळीं एक विधि होत असे: मिस्त्र्यानें आपल्या हातानें रुप्याचा एक खिळा कण्यांत ठोकावयाचा. पारशी श्रद्धेप्रमाणें जहाजाचें कुशल त्या खिळ्यावर अवलंबून असे. ‘त्रिंकोमाली’च्या कण्यांत जमशेटजीनें असाच, अक्षरें कोरलेला रुप्याचा खिळा ठोकला. मग कण्यावर बरगड्या, बरगड्यांवर फळ्या, फळ्यांच्या सांध्यांत दोराचा चोथा आणि डांबर, आणि पाण्याखालच्या सर्व अंगाला तांब्याचा पत्रा. तोफांच्या मजल्यावर लांबी दीडशें फूट, रुंदी चाळीस फूट. मुख्य मजल्यावर अठरा पौंडी गोळा फेंकणाऱ्या अठ्ठावीस तोफांची जागा. नांव ठेवलें तें सिंहलद्वीपाच्या त्या बंदरावरून, जेथें १७८२ सालीं इंग्रज व फ्रेंच आरमारें भिडलीं होतीं. सर्व खर्च सुमारें तेवीस हजार पौंड.

१८१७ च्या ऑक्टोबरची १२ तारीख. आश्विन लागला होता, घरोघर नवरात्राचे घट नुकतेच बसले होते, आणि अमावास्येनंतरचें उधाण समुद्राला आलें होतें. त्या भरतीवर ‘त्रिंकोमाली’ पाण्यांत उतरलें. एका आठवड्यानें दसरा आला. पुण्यास बाजीराव पेशवे सीमोल्लंघनाला निघाले, रेसिडेंट एल्फिन्स्टन त्या समारंभाला हजर होता, आणि दोघांच्याही मनांत काय होतें तें दोघेही ओळखून होते. ५ नोव्हेंबरला खडकीची लढाई झाली. २६ नोव्हेंबरच्या संध्याकाळीं नागपुरास सीताबर्डीच्या टेंकड्यांवर भोंसल्यांच्या तोफा सुटल्या आणि दुसऱ्या दिवशीं दुपारपर्यंत निकाल लागला. डिसेंबरांत नागपूरच इंग्रजांच्या ताब्यांत गेलें. अप्पासाहेब भोंसले पुढें कैदेंतून निसटले, आणि त्यांचें उरलेलें आयुष्य रानांत व परमुलखांत गेलें. वैनगंगेच्या दोन्ही तीरांवरचा मुलूख भोंसल्यांच्या नांवानें, पण रेसिडेंट जेन्किन्सच्या हुकुमानें चालूं लागला. मुंबईच्या बंदरांत नवें कोरें जहाज नांगरावर डुलत होतें, आणि देशावर एक राज्यामागून एक राज्य खालीं येत होतें. पंचेचाळीस दिवसांचें अंतर!

या जहाजानें मराठ्यांवर एकही गोळा टाकला नाहीं, हें त्याच्या बाजूनें सांगितलें पाहिजे. टाकण्याची गरजही नव्हती. मराठ्यांचें आरमार त्यापूर्वींच साठ वर्षें मागें संपलें होतें. १७५६ च्या फेब्रुवारींत विजयदुर्गच्या खाडींत तुळाजी आंगऱ्याचीं गुराबें आणि गलबतें एकाला एक लागून जळालीं. आग लावणाऱ्या तोफा वॉटसन व क्लाइव्ह यांच्या होत्या. पण त्यांना किनाऱ्यावरून साथ होती ती खुद्द पेशव्यांच्या फौजेची. कान्होजींनीं जन्मभर सांभाळलेलें आरमार घरच्या भांडणांत गेलें. विजयदुर्गास धुळपांनीं नंतरही पेशव्यांचें आरमार चालविलें, आनंदराव धुळपानें १७८३ सालीं इंग्रजांशीं चांगली झुंजही दिली. तथापि समुद्राचा प्रश्न १७५६ सालींच मिटला होता. आज आंगऱ्यांचें एकही गुराब पाहावयास मिळत नाहीं. आहेत ते किल्ले आणि कागद. लांकूड सारें गेलें.

उलट ‘त्रिंकोमाली’ टिकलें. आणि गंमत अशी कीं तें निरुपयोगी ठरल्यामुळें टिकलें. तें बांधून होईपर्यंत नेपोलियनचें युद्ध संपून दोन वर्षें झालीं होतीं. इंग्लंडला जातांना तें १८१९ च्या जानेवारींत सेंट हेलिना बेटावर सहा दिवस थांबलें. ज्याच्याशीं लढण्यासाठीं तें जन्माला घातलें तो नेपोलियन त्या बेटावर बंदिवासांत होता. तेथून त्याची तपासणी करणारा एक डॉक्टर, जॉन स्टोको, जहाजावर चढून स्वदेशीं परतला. बादशहा मात्र तेथेंच राहिला. एप्रिलच्या अखेरीस जहाज पोर्टस्मथला पोंचलें, आणि त्याच्या डोलकाठ्या उतरून तें राखीव म्हणून बाजूस उभें करण्यांत आलें. तें पंचवीसांहून अधिक वर्षें तसेंच होतें. एवढ्या काळांत ओकचें दुसरें एखादें जहाज उभ्या उभ्या कुजून गेलें असतें.

१८४५ सालीं त्याची पाठ बदलून, तोफा कमी पण भारी बसवून, त्याला नवा जन्म देण्यांत आला. १८४७ ते १८५७ हीं दहा वर्षें त्यानें खरी चाकरी केली. वेस्ट इंडीजमध्यें गुलामांचा चोरटा व्यापार पकडणें, न्यूफाउंडलंडकडे मच्छीमारांच्या तंट्यांवर नजर ठेवणें, मग केप हॉर्न वळून पॅसिफिक महासागर. १८५४ सालीं हवाईच्या बाजूनें तें थेट उत्तरेला बेरिंगच्या सामुद्रधुनीकडे गेलें; तिकडे बर्फांत हरवलेल्या सर जॉन फ्रँकलिनचा शोध घेणाऱ्या ‘प्लव्हर’ जहाजाला सामग्री पोंचवावयाची होती. मलबारच्या उकाड्यांत वाढलेलें लांकूड ध्रुवाच्या हिमांत उभें होतें, त्याच वर्षीं इकडे नागपूरचें राज्य खालसा झालें. तिसरे रघूजी १८५३ च्या डिसेंबरांत निपुत्रिक वारले होते. डलहौसीनें दत्तक नामंजूर केला, आणि भंडारा सरळ कंपनीच्या मुलखांत गेला. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर बेटांमधली एक अरुंद खाडी आजही या जहाजाच्या नांवानें ओळखली जाते. नकाशावर तें नांव वाचणाऱ्याला तें सिंहलद्वीपाहून मुंबईमार्गें तेथें आलें हें कसें कळावें?

वाफेचीं जहाजें आलीं, मग लोखंडाचीं. ‘त्रिंकोमाली’वर खलाशीपण शिकविण्यांत येऊं लागलें, शेवटीं १८९७ सालीं तें मोडींत विकलें गेलें. त्याच वर्षीं जी. व्हीट्ली कॉब या गृहस्थांचें ‘फूद्रवायां’ हें नेल्सनचें जुनें जहाज ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर वादळांत फुटलें. कॉब यांना मुलांच्या शिक्षणासाठीं दुसरें जहाज हवें होतें, मोडीवाल्याला गिऱ्हाईक हवें होतें. मुंबईचें तारूं वांचलें; त्याला फक्त मेलेल्या जहाजाचें नांव धारण करावें लागलें. आधीं फालमथ, मग पोर्टस्मथ, अशा बंदरांत ‘फूद्रवायां’ या नांवानें तें १९८६ पर्यंत मुलांना झोळ्यांत झोपवीत, वल्हीं शिकवीत उभें होतें.

त्याच्या शेजारीं बरीच वर्षें ‘इम्प्लेकेबल’ नांवाचें दुसरें जहाज होतें. तें ट्रफाल्गारच्या लढाईंत फ्रेंचांच्या बाजूनें लढलेलें. नंतर इंग्रजांनीं पकडलें. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याच्या दुरुस्तीस पैसा मिळेना, आणि १९४९ च्या डिसेंबरांत दोन्ही देशांचीं निशाणें चढवून, सुरुंग लावून, तें इंग्लिश खाडींत बुडविण्यांत आलें. शेजाऱ्याची ही गत झाली, आणि सागाचें जहाज राहिलें.

१९८७ सालीं त्याला एका मोठ्या तराफ्यावर ठेवून हार्टलपूलला नेलें. हार्टलपूल हें एके काळीं जहाजें बांधणारें गांव. तेथल्या गोद्या १९६० नंतर बंद पडल्या होत्या आणि हात रिकामे बसले होते. मुंबईच्या मिस्त्र्यांनीं बांधलेलें जहाज खोलून पुन्हां जोडतांना त्या हातांना जुनें काम पुन्हां भेटलें. १९९२ सालीं जहाजाला त्याचें मूळचें नांव परत मिळालें, आणि २००१ सालीं काम पुरें झालें.

आज तेथें जाणाऱ्याला प्रथम दिसतो तो काळा-पांढरा पट्ट्यांचा लांब देह आणि नाळेवरची लांकडी मूर्ति. फेटा बांधलेला एक पुरुष पुढें पाहत उभा आहे. भंडाऱ्याचा कोणी पाहुणा तेथें गेला, तर त्या परक्या, थंड बंदरांत ओळखीचा चेहरा म्हणून त्याला तोच सांपडेल. फळीवरून चढून वरच्या डेकवर यावें. तेथें सुकाणूंचें चाक, दोऱ्यांचें जाळें आणि मोकळें आकाश. एक जिना उतरला कीं तोफांचा मजला, आणि मागच्या बाजूस कप्तानाची खोली: खिडक्या, उजेड, मेज. आणखी एक जिना उतरला कीं उजेड सरतो. छत इतकें खालीं येतें कीं उंच माणसाला वांकूनच चालावें लागतें. येथें शेंकडों खलाशी राहावयाचे. त्या काळच्या नियमाप्रमाणें झोळी टांगण्यास एका माणसाला चौदा इंच रुंदीची जागा मिळे. कप्तानाच्या खोलींत तेवढ्या रुंदीचें फडताळ सहज मावेल. मागची खिडकी आणि ही चौदा इंचांची जागा, यांच्यामध्यें एकच जिना आहे. जहाजावरचें राज्य कसें चालत असे तें पुस्तकापेक्षां त्या जिन्यावर चटकन् कळतें.

डोलकाठ्या, दोऱ्या, वरचें पुष्कळसें काम अर्थातच नवें आहे. परंतु जहाजाच्या अंगाचें निम्म्याहून अधिक लांकूड मूळचें आहे, दोनशें वर्षांपूर्वीं मुंबईंत तासलेलें. अशा ठिकाणीं तुळईवर हात ठेवणाराला विदर्भांतल्या वाड्यांची आठवण झाल्यावांचून राहणार नाहीं. तीच तेलकट गुळगुळीत झांक, तेच घट्ट काळवंडलेले दोरे. आपल्याकडील जुन्या घराच्या माजघरांतली तुळई आणि इंग्लंडच्या लढाऊ जहाजाची तुळई, दोन्ही एकाच जातीच्या झाडाच्या.

कारागिराचें नांव तेथें सांगतात. जमशेटजी वाडियाचें नांव प्रेक्षकाला कळतें, आणि तें योग्यच आहे. पण जमशेटजीच्या हाताखालीं गोदींत शेंकडों माणसें राबत होतीं. करवत ओढणारे, वासे तासणारे, फळी वाफवून वांकविणारे, डांबर उकळणारे, पत्रा ठोकणारे. पारशी सुतार होते, सुरतेकडून पिढ्यान् पिढ्या आलेले हिंदु सुतार होते, ओझीं वाहणारे हमाल होते. त्यांचीं नांवें जहाजावर नाहींत. विलायतेंतील प्रत्येक कप्तानाचें नांव, चाकरीचीं वर्षें, मिळालेलीं पदकें हें सारें टिपून ठेवलेलें आहे. मुंबईच्या करवत्याच्या नांवाला कोणीं शाई खर्च केली नाहीं. संग्रहालय लांकूड राखूं शकतें. तें लांकूड कसें निवडावें, कोणत्या फांदीचें वळण कोणत्या बरगडीला लागूं पडेल, हें ज्याला झाड पाहूनच कळत असे त्या माणसाचा डोळा राखण्याची युक्ति कोणत्याही संग्रहालयाला साधलेली नाहीं.

ज्या गोदींत जमशेटजीनें जहाजें बांधलीं ती मुंबईची जुनी गोदी आजही नौदलाच्या आवारांत आहे. सामान्य प्रेक्षकाला तेथें सहज जातां येत नाहीं. आपल्याकडेही जहाजाचें संग्रहालय करण्याचा एक मोठा प्रयत्न झाला होता. विमानवाहू ‘विक्रांत’ १९९७ सालीं निवृत्त झालें, आणि २००१ पासून २०१२ पर्यंत मुंबईच्या बंदरांत लोकांनीं तें पाहिलें. शाळांच्या मुलांच्या रांगा तेथें लागत. मग तें धोकादायक ठरलें, सांभाळण्यास पैसा नाहीं असें ठरलें, लिलाव झाला, आणि २०१४ सालीं तें मोडीच्या धक्क्याला लागलें. ‘विक्रांत’चा जन्म ब्रिटनच्या गोदींतला, १९४५ सालचा. ब्रिटननें बांधलेलें जहाज मुंबईला राखतां आलें नाहीं, आणि मुंबईनें बांधलेलें जहाज ब्रिटननें राखलें. यांत सागाचा आणि पोलादाचा फरक आहे, श्रीमंतीचा व गरिबीचाही आहे. पण तेवढाच आहे असें म्हणवत नाहीं. हार्टलपूलचें जहाज सांभाळण्यास कांहीं माणसें शंभर वर्षें एकामागून एक उभीं राहिलीं, तीं बहुतेक खासगी माणसें होतीं, आणि सरकारनें जहाज मोडींत काढल्यानंतर तीं पुढें आलीं.

‘त्रिंकोमाली’च्या अगदीं तळाशीं गेलें म्हणजे पाण्याची पातळी डोक्याच्या वर असते. तेथें गार, कोरडा अंधार आहे. पायांखालीं तोच कणा आहे, ज्यांत १८१६ सालीं मुंबईला रुप्याचा खिळा ठोकला गेला. तो खिळा कोणाला दाखवितां येत नाहीं. त्याच्यावर सारें जहाज बसलें आहे.